रिलीजच्या आधीच्या व्हर्जनचं बारसं कसं करायचं

१९९५ च्या शेवटी इन्फोमॅजिक नावाच्या कंपनीने लिनक्सचा पाच सीड्यांचा संच बाजारात आणला आणि त्यात एक चीज होती "डेबियन १.०" (डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक अवतार). गंमत अशी की डेबियन १.० तोपर्यंत तयारच झालेलं नव्हतं. डेबियनवाल्यांनी त्यांच्या सर्व्हरवर चालू कामाच्या फोल्डरला पुढे येणाऱ्या व्हर्जनचा नंबर देऊन ठेवला होता, आत अर्धवट माल, सीडीवाल्यांनी नंबर वाचला, झालं असेल तयार असं समजले आणि छापून टाकलं. ते धड बूट होईल याचीसुद्धा खात्री नव्हती. डिसेंबरात दोघांना मिळून जाहीर करावं लागलं की बाबांनो, हे ते नव्हे. आता खरं १.० आलं की लोक विचारणार कुठलं १.०, ते का हे, म्हणून डेबियनने तो नंबरच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ काढलं. म्हणजे डेबियन १.० नावाची अधिकृत गोष्ट जगात कधी आलीच नाही.

हे सगळं का सांगतोय, तर रिलीजच्या आधीच्या बिल्डला (म्हणजे कोडमधून बांधून तयार केलेल्या प्रतीला) काय नाव द्यायचं हा प्रश्न ऐकायला अगदी फालतू वाटतो, मीटिंगमध्ये कोणी काढला तर बाकीचे फोन बघायला लागतात, कोणीतरी म्हणतं "दे ना बीटा-१ काहीतरी" आणि विषय संपतो. मग सहा महिन्यांनी त्याच नावावरून रात्री अकराला फोन येतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू, बाकी सगळं त्यातूनच निघतं. व्हर्जनचं नाव दोघं जण वाचतात. एक माणूस, म्हणजे टेस्टर, गिऱ्हाईक, आपणच सहा महिन्यांनी. त्याला कळायला हवं की हे कच्चं आहे का पक्कं. आणि दुसरं मशीन, म्हणजे इन्स्टॉलर, पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर उतरवून लावणारा प्रोग्राम), प्ले स्टोअर. त्याला कच्चं-पक्कं काही कळत नाही, त्याचा एकच प्रश्न: या दोनपैकी नवीन कुठलं? बस. आपण नाव ठेवताना शंभरातल्या नव्वद वेळा पहिल्याचा विचार करतो आणि गोंधळ शंभरातल्या नव्वद वेळा दुसऱ्याकडे होतो. (हे नव्वद मी माझ्या मनाने लिहिलंय, मोजायला गेलेलो नाही.)

मशीनला नवीन-जुनं कळायचं म्हणजे क्रम लावता आला पाहिजे, आणि प्री-रिलीजची खरी अडचण तिथेच आहे. साधे नंबर चढत जातात, १.० नंतर १.१ नंतर १.२, त्यात काही अवघड नाही. पण प्री-रिलीज म्हणजे जे अजून आलेलं नाही त्याच्याआधीचं. २.० ची बीटा ही १.९ च्या पुढची पण २.० च्या मागची. म्हणजे नावाला शेपूट जोडायचं आणि शेपूट जोडल्यावर किंमत कमी व्हायला हवी! कुठल्याही साध्या डिक्शनरी क्रमात उलटं असतं, लांब शब्द नंतर येतो, "कमळ" आधी आणि "कमळाबाई" नंतर. त्यामुळे प्रत्येक पॅकेज मॅनेजरने यासाठी आपापला वेगळा जुगाड करून ठेवलाय आणि ते जुगाड एकमेकांशी जुळत नाहीत.

सगळ्यात प्रसिद्ध जुगाड म्हणजे सिमँटिक व्हर्जनिंग, लाडाने सेमव्हर. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यांनी हे नियम लिहून काढले. तीन आकडे, मधे डॉट. पहिला वाढला म्हणजे जुनं काहीतरी मोडलं, दुसरा वाढला म्हणजे नवीन काहीतरी आलं पण जुनं शाबूत, तिसरा म्हणजे फक्त दुरुस्ती. आणि त्यानंतर डॅश देऊन काहीही लिहिलं की ते प्री-रिलीज. म्हणजे १.०.०-अल्फा, १.०.०-बीटा.२, १.०.०-आरसी.१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट) आणि मग शेपटाशिवाय १.०.०. हा बरोबर चढता क्रम झाला.

पण हा क्रम बरोबर येतो तो कशामुळे? सेमव्हरला अल्फा म्हणजे काय, बीटा म्हणजे काय, काही माहीत नाही. तो नुसता इंग्रजी अक्षरांचा क्रम बघतो. ए आधी, मग बी, मग आर. योगायोगाने जमून गेलेलं आहे. आपल्या वर्णमालेत हे असतं तर अल्फा, आरसी आणि शेवटी बीटा असं झालं असतं, म्हणजे रिलीज कँडिडेट झाल्यावर बीटा! (सेमव्हरमध्ये देवनागरी चालतच नाही त्यामुळे ती वेळ येणार नाही, पण मुद्दा लक्षात आला असेल.)

आता यातली गोम बघा. बऱ्याच टीम अल्फाच्याही आधी "डेव्ह" नावाचे बिल्ड काढतात, अगदी कच्चे, रोजचे. आपल्या मनात डेव्ह सगळ्यात खालचा. पण डी हे बी च्या नंतर येतं, म्हणजे सेमव्हरच्या हिशोबाने डेव्ह बिल्ड बीटापेक्षा नवीन. बीटा लावून बसलेल्या टेस्टरला "अपडेट आलंय" म्हणून अंगणवाडीतलं बिल्ड मिळतं. "नाइटली"चं तेच, एन म्हणजे बी च्या पुढे. आणि सगळ्यात भारी म्हणजे "फायनल". कोणीतरी उत्साहाने १.०.०-फायनल असं नाव देतं, आणि त्याला डॅश लागला म्हणजे ते प्री-रिलीज झालं, शिवाय एफ हे आर च्या आधी, म्हणजे फायनल हे आरसी.१ पेक्षा जुनं! मशीन म्हणणार तुमच्याकडे आरसी.१ आहे ना, मग झालं की, त्याच्यापुढचं काही आलेलं नाही. फायनल शब्दाची लग्नपत्रिकेच्या प्रूफमध्ये जी अवस्था होते तीच इथे होते, फरक इतकाच की छापखान्यातला माणूस फोन करून विचारतो तरी, "फायनल-नवीन घेऊ का फायनल-दुरुस्त?"

दुसरा सापळा आकड्यांचा. बीटा-२ नंतर एक दिवस बीटा-१० येणार. तुम्ही "बीटा१०" असं सलग लिहिलंत तर तो सगळा एक शब्द धरला जातो आणि अक्षराला अक्षर लावून बघितलं जातं, १ हा २ पेक्षा लहान, म्हणून बीटा१० हे बीटा२ च्या मागे. मधे डॉट टाकला, बीटा.१०, की १० हा स्वतंत्र आकडा होतो आणि मग दोनापेक्षा दहा मोठे हे मशीनला कळतं. एका डॉटचा खेळ आहे. नऊ बीटांपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि दहाव्याला बोंबलतं, त्यामुळे हा घोळ नेहमी प्रोजेक्टच्या अगदी शेवटी, सगळे दमलेले असताना उगवतो.

डॉटवरून आठवलं, तो दशांश चिन्ह नाही हे मोठमोठ्यांना उशिरा कळतं. पायथॉन भाषेचं ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा किती जणांच्या कॉन्फिग फायलीत ३.१० असं अवतरण चिन्हाशिवाय लिहिलेलं होतं, यॅमलने (या फायली ज्या पद्धतीत लिहितात ती) तो दशांश अपूर्णांक समजून त्याचं ३.१ केलं, आणि मशीन बारा-तेरा वर्षं जुनं पायथॉन शोधायला निघालं. काही कोडमध्ये व्हर्जनची पहिली तीन अक्षरं कापून घेतलेली होती, ३.९ पर्यंत बरोबर, ३.१० चं परत ३.१. जमिनीचा गट नंबर असतो ना, ३/१ आणि ३/१०, तसं समजा. तलाठ्याला जाऊन सांगा की शेवटचं शून्य काढलं तरी किंमत तीच राहते, बघा काय म्हणतो. ऑपेरा ब्राउझरने २००९ मध्ये व्हर्जन १० काढलं तेव्हा बऱ्याच वेबसाइट फक्त पहिला आकडा वाचत होत्या, त्यांना तो ऑपेरा १ वाटायचा, शेवटी ऑपेराने हात टेकले आणि आपली ओळख "९.८०" अशीच सांगायला सुरुवात केली, खरं व्हर्जन पुढे कोपऱ्यात वेगळं लिहून.

आता डॅशकडे परत येऊ, कारण मला सगळ्यात जास्त चटका त्याने दिलाय.

"१.०-१" एवढं लिहिलं तर याचा अर्थ काय? सेमव्हरमध्ये (तिथे तीन आकडे लागतात, १.०.०-१) हे १.० च्या आधीचं, कारण डॅश म्हणजे प्री-रिलीज. पायथॉनचे स्वतःचे नियम आहेत, पेप ४४० नावाचे, त्यात हेच १.० च्या नंतरचं, पोस्ट-रिलीज. आणि डेबियनमध्ये डॅशनंतरचा आकडा म्हणजे सॉफ्टवेअर तेच, फक्त त्याचं पॅकिंग कितव्यांदा केलं ते. तीन गावं, तीन अर्थ, अक्षरं तीच.

यात माझा स्वतःचा उद्योग सांगतो. एका जुन्या नोकरीत आम्ही एक छोटी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) आतल्या आत वापरायचो आणि तिचा नंबर हाताने टाकायचा कंटाळा म्हणून मी गिटकडूनच (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल) नाव काढून घ्यायची स्क्रिप्ट लिहिली. गिटची "डिस्क्राइब" नावाची सोय आहे, ती सांगते की शेवटचा टॅग (व्हर्जनची खूण) १.४.० होता, त्याच्यावर १४ कमिट (नोंदवलेले बदल) झालेत आणि आत्ताच्या कमिटचा हॅश (आकडे-अक्षरांची ओळखखूण) अमुक. ते सगळं डॅशने जोडून देते, १.४.०-१४-जी आणि पुढे हॅश. वाचायला छान, एकदम प्रोफेशनल. फक्त गिटच्या मनात याचा अर्थ "१.४.० च्या पुढे १४ पावलं" आणि पॅकेज मॅनेजरच्या मनात "१.४.० च्या आधीचं काहीतरी कच्चं". त्यामुळे मी बग दुरुस्त करून नवीन बिल्ड टाकायचो आणि टेस्टरच्या मशीनवर इन्स्टॉलर म्हणायचा माझ्याकडे १.४.० आहे, ते जास्त नवीन आहे, हे नको. टेस्टर दोन दिवस सांगत होती की बग तसाच आहे, मी दोन दिवस तिला सांगत होतो की कॅश क्लियर कर. चूक शंभर टक्के माझी होती आणि "कॅश क्लियर कर" या वाक्याबद्दल मी नंतर चहा पाजला.

यावरचा इलाज गो भाषेवाल्यांनी फार सरळ काढलाय. टॅग नसलेल्या कमिटला ते आपोआप नाव देतात, पण १.४.० च्या पुढच्या कमिटला १.४.० ची शेपटी लावत नाहीत, तर शेवटचा आकडा एकने वाढवून १.४.१ ची प्री-रिलीज करतात आणि त्यापुढे शून्य, वेळ आणि हॅश. म्हणजे "१.४.० होऊन गेलं, १.४.१ अजून यायचंय, आपण मधे कुठेतरी आहोत". वेळ आधी आणि हॅश नंतर, कारण हॅशला काही क्रम नसतो. हे एकदा नीट समजलं की अर्धा विषय संपला: प्री-रिलीज नेहमी पुढच्या नंबरची असते, मागच्याची नाही.

हॅशचा अजून एक बारीक किडा सांगून ठेवतो कारण तो चावला की कारण सापडत नाही. सेमव्हरमध्ये निव्वळ आकडी तुकड्याच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. हॅशमध्ये आकडे आणि ए ते एफ अक्षरं असतात, कधीतरी नशिबाने सगळे आकडेच येतात आणि पहिला शून्य. हजारात एखादं बिल्ड "व्हर्जन चुकीचं" म्हणून पडतं, पुढचं कमिट आलं की नवीन हॅश, सगळं ठीक, सगळे म्हणतात सर्व्हरला झटका आला असेल. गिट हॅशच्या आधी ते "जी" अक्षर लावतं ना, ते राहू द्या, त्याने हा किडा मरतो.

डेबियनचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे चालू कामाच्या फोल्डरला नंबर द्यायचाच नाही, टोपणनाव द्यायचं. १.१ चं टोपणनाव बझ, आणि तिथपासून आजपर्यंत "टॉय स्टोरी" या कार्टून सिनेमांतल्या पात्रांची नावं चालू आहेत. नंबर रिलीजच्या वेळी चिकटवायचा. म्हणजे कोणी अर्धवट माल उचलून सीडीवर छापला तरी त्यावर "बझ" लिहिलेलं असेल, १.१ नाही. आपल्याकडे घरी हाक मारायचं नाव वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं असतं, अगदी तसंच, दाखल्यावर शाईने लिहायची वेळ येईपर्यंत पिंट्या म्हणा नाहीतर बबड्या म्हणा. आणि जे फोल्डर कायम कच्चंच असणार, जिथे रोज नवीन माल येऊन पडतो, त्याचं नाव सिड, सिनेमातला शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. सिड कधीच रिलीज होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅकेजच्या नंबरात एक खास चिन्ह, ~ ही नागमोडी रेघ. डेबियनच्या क्रमात ही सगळ्यात हलकी, इतकी हलकी की "काहीच नाही" यापेक्षाही हलकी. म्हणून १.०~आरसी१ हे १.० च्या आधी येतं. ही रेघ विसरलात आणि नुसतं १.०आरसी१ लिहिलंत तर ते १.० पेक्षा मोठं, म्हणजे ज्यांनी आरसी लावलं त्यांना खरं १.० कधी पोचणारच नाही. आरपीएमवाल्यांनीही (रेड हॅट वगैरे लिनक्सची पॅकेज पद्धत) नंतर हीच रेघ उचलली. मला वैयक्तिक हा सगळ्यात सुंदर जुगाड वाटतो, एक चिन्ह, एक अर्थ, डॅशसारखी दहा कामं त्याच्या गळ्यात नाहीत.

आणि चुकून मोठा नंबर बाहेर गेलाच तर? मागे येता येत नाही, तिथेच तर सगळी मेख आहे. नंबर फक्त चढतो. डेबियन आणि पायथॉन दोघांनी यासाठी आपत्कालीन दरवाजा ठेवलाय, एपॉक, म्हणजे नंबराच्याही आधी अजून एक आकडा, युगच बदलायचं, जुन्या युगातले सगळे नंबर नवीन युगापेक्षा लहान. पण तो आकडा एकदा लागला की जन्मभर काढता येत नाही, गोंदणासारखा. एनपीएमवर (जावास्क्रिप्टवाल्यांचा पॅकेज मॅनेजर) तर एकदा वापरलेला नंबर, पॅकेज काढून टाकलं तरी, परत वापरता येत नाही.

एनपीएमचं आणखी एक. तिथे नंबराशिवाय टॅग असतात, आणि नुसतं इन्स्टॉल म्हटलं की "लेटेस्ट" टॅगवर जे असेल ते येतं. हा टॅग नंबर बघून लागत नाही, तुम्ही पब्लिश करताना दुसरा टॅग सांगितला नाहीत तर आपोआप लागायचा. म्हणजे तुम्ही मोठ्या शिस्तीत २.०.०-बीटा.१ असं अगदी नियमाप्रमाणे नाव ठेवलंत, डॅश बरोबर, डॉट बरोबर, आणि टॅग विसरलात की सगळ्या जगाला बीटा. नवीन एनपीएम आता टॅग दिल्याशिवाय प्री-रिलीज ढकलूच देत नाही, बरं झालं. पायथॉनचा पॅकेज मॅनेजर पिप जास्त सावध आहे, तो स्वतःहून प्री-रिलीज घेतच नाही, मुद्दाम मागितली किंवा दुसरं काही उपलब्धच नसलं तरच.

मोबाइल ॲपवाल्यांचं जग अजून वेगळं. अँड्रॉइडमध्ये दोन नंबर असतात. व्हर्जन नेम, हे माणसाला दाखवायचं, त्यात "२.४.०-बीटा.३", "गणपती स्पेशल", काहीही लिहा, कोणी विचारत नाही. आणि व्हर्जन कोड, एक साधा पूर्णांक, दर वेळी वाढलाच पाहिजे. म्हणजे मी सुरुवातीला म्हटलं ना, दोन वाचक, त्यांनी सरळ दोघांना दोन वेगळी नावं देऊन टाकली. लोक इथे मुख्य आकड्यांचा कोड बनवतात आणि प्री-रिलीजला जागाच ठेवत नाहीत. मी शेवटी दोन आकडे जास्त ठेवतो: २.४.०-बीटा.३ चा कोड २०४०००३, आरसी ५० च्या पुढे म्हणजे आरसी.१ ला २०४००५१, आणि फायनलला ९९, म्हणजे २०४००९९. पन्नास बीटा झाल्याच तर प्रश्न नंबराचा नाही, प्रोजेक्टचा आहे.

काही जण तारीख-वेळच कोड म्हणून टाकतात, वर्ष महिना दिवस तास मिनिट, प्रत्येकी दोन आकडे. ऐकायला हुशारी वाटते. प्ले स्टोअरची मर्यादा आहे २१० कोटी. २०२१ च्या १ जानेवारीला रात्री बारा वाजता हा आकडा होतो २१० कोटी १० लाख १० हजार. हॅपी न्यू इयर. आणि हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही. १ जानेवारी २०२२ ला जगभरच्या कंपन्यांच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरवर ईमेल अडकून पडल्या, कारण त्यातल्या व्हायरस तपासणाऱ्या भागाच्या अपडेटचा नंबर तारखेवरून बनलेला होता, २२०१०१०००१, आणि तो ज्या डब्यात ठेवायचा त्यात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या वर मावतच नाही. मग दुरुस्ती काय केली, तर नंबर दिला २११२३३०००१. वाचा नीट, २०२१, बारावा महिना, तारीख ३३. डिसेंबरची तेहतीस तारीख! मला हे फार आवडतं.

तारखेवरून नाव ठेवायला माझा विरोध नाही, उबुंटू २००४ पासून ठेवतंय, ४.१० म्हणजे २००४ चा दहावा महिना. फक्त प्री-रिलीजच्या वेळी एक अडचण येते की तारीख अजून यायचीय. २००६ मध्ये एप्रिलचं ६.०४ येणार येणार म्हणत असताना काम लांबलं आणि ते जूनमध्ये ६.०६ म्हणून आलं. त्यांच्याकडे टोपणनाव होतं म्हणून निभावलं. तारीख हवीच असेल तर वर्ष आणि त्यापुढे अनुक्रमांक ठेवा, महिना नको, महिना चुकतोच.

अल्फा, बीटा, आरसी या शब्दांचा माणसासाठी अर्थ काय, यावर मी फार वेळ घालवणार नाही. अल्फा म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. बीटा म्हणजे सगळं आलंय पण कुठे काय मोडेल सांगता येत नाही. आरसी म्हणजे काही गंभीर सापडलं नाही तर हेच, जसंच्या तसं, रिलीज. हा शेवटचा अर्थ लोक पाळत नाहीत, आरसीमध्ये नवीन फीचर घुसवतात, मग आरसी.९ होतं आणि कोणी विश्वास ठेवत नाही. लिनक्स कर्नलमध्ये दोन आठवडे नवीन कोड घेतात आणि मग आरसी१, पुढे दर आठवड्याला एक, साधारण आरसी७ किंवा ८ पर्यंत. त्यांच्या आरसी१ ला कोणी शहाणा माणूस उद्याचं रिलीज म्हणणार नाही, पण वर्षानुवर्षं हीच चाल आहे म्हणून लोकांना कळतं. शब्दाचा अर्थ सवयीने ठरतो. जीमेल १ एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत बीटा होतं, पाच वर्षं, तोवर बीटा या शब्दाला कोण भीक घालणार.

"जसंच्या तसं" मध्ये एक खोच आहे बरं का. नावात आरसी.३ लिहिलेलं बिल्ड तपासून पास झालं, आता ते रिलीज करायचं तर नाव बदलावं लागणार, नाव आत कोडमध्ये आहे, म्हणजे परत बिल्ड करणार, म्हणजे जे तपासलं ते आणि जे पाठवलं ते अगदी एकच नाही. ॲपलच्या पद्धतीत हे सुटतं, तिथे व्हर्जनमध्ये अक्षरं चालतच नाहीत, व्हर्जन २.४.० कायम आणि वेगळा बिल्ड नंबर वाढत जातो, टेस्टफ्लाइटवर (टेस्टरना बिल्ड द्यायची ॲपलची सोय) १८५, १८६, १८७ गेले, १८७ चांगलं निघालं, तेच उचलून स्टोअरला. माझं मत विचाराल तर ॲप असेल तर हीच पद्धत, लेबल नावात न ठेवता कुठल्या दारातून दिलं त्यावर ठेवायचं. लायब्ररी असेल तर मात्र लेबल नावातच लागतं कारण ती घेणारं मशीन असतं.

आणि ०.९ वगैरे? लिनस टोरवाल्ड्सने १९९२ च्या मार्चमध्ये लिनक्सचं व्हर्जन ०.१२ वरून थेट ०.९५ केलं, आता काय, १.० हाकेवर आहे म्हणून. बाजारात तुरी. त्या वर्षअखेरीस ०.९९ झालं आणि मग पुढे जागाच नाही, ०.९९ चे पॅचलेव्हल करत करत पंधरापर्यंत गेले आणि १.० आलं मार्च १९९४ ला. ओपनएसएसएल (इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी लायब्ररी) तर १९९८ पासून २०१० पर्यंत ०.९ मध्येच होतं, जगाच्या बँका त्यावर चालत होत्या. ०.९.८ च्या दुरुस्त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं देत वायपर्यंत पोचले आणि मग झेडए, झेडबी सुरू केलं. सेमव्हरमध्ये शून्यने सुरू होणारं म्हणजे "काहीही कधीही बदलेल", म्हणून काही लोक मुद्दाम तिथेच मुक्काम ठोकतात, जबाबदारी नको. रिअॅक्टने (वेबसाइट बनवायची लायब्ररी) २०१६ मध्ये ०.१४ नंतर सरळ १५ काढलं, की बाबा आम्ही केव्हाचेच पक्के आहोत, तुम्ही शून्याकडे बघू नका. १.० च्या आधीची शेवटची पायरी म्हणून ०.९ ठेवू नका एवढंच सांगतो, ०.९ नंतर ०.१० येतं आणि ते बिनधास्त येऊ द्या.

तर मी काय करतो. नवीन काम सुरू झालं की आधी विचारतो, याचा क्रम कोण लावणार. पायथॉन असेल तर पायथॉनचेच नियम, डेव्ह, ए, बी, आरसी, तिथे डेव्ह खरोखर सगळ्यात खाली धरलंय. एनपीएम असेल तर अल्फा, बीटा, आरसी हे तीनच शब्द, मधे डॉट, चौथा शब्द टीममध्ये कोणी सुचवला तर नाही म्हणायचं. डेबियन पॅकेज असेल तर ~. ॲप असेल तर बिल्ड नंबर. आणि आपल्याच सर्व्हरवर चालणारी वेबसाइट असेल, जी कोणी इन्स्टॉल करत नाही, तर यातलं काहीच नको, तारीख आणि कमिटचा हॅश पुरे, तिथे अल्फा बीटा म्हणजे नुसता थाट.

मग एका फाइलमध्ये पुढच्या वर्षभरातली काल्पनिक नावं लिहून काढतो, पहिल्या डेव्हपासून, बीटा.९, बीटा.१०, आरसी.१, खरं रिलीज, त्यानंतरची घाईची दुरुस्ती, तिचीही एक आरसी. ओळी उलटसुलट करतो आणि जे टूल खरोखर वापरणार आहोत त्याच्याच सॉर्टिंगमधून काढतो. दहा मिनिटांचं काम आहे. मागच्या वेळी केलं तेव्हा दुरुस्तीची आरसी मूळ रिलीजच्या खाली जाऊन बसली होती, कारण मी सवयीने जुन्याच नंबरला शेपूट लावलं होतं. १.४.० चं प्रकरण होऊन पाच वर्षं झाली होती तेव्हा.